यंत्र चोख, संमतीपत्र अर्धवट : सोलापुरातल्या एका एमआरआय केंद्राची स्वयंसेवक-सेवा

संशोधनासाठी निरोगी माणसांच्या मेंदूचे स्कॅन करणारं हे खासगी केंद्र. नाव देत नाही, कारण प्रश्न एकट्या या केंद्राचा नाही. एमआरआयचं चुंबक जोरदार असतं, त्यामुळे अंगात धातू आहे का हे आधी विचारावं लागतं. ही विचारपूस उत्तम: पेसमेकर, शस्त्रक्रियेत बसवलेली धातूची क्लिप, शिवाय वेल्डिंग-ग्राइंडिंग करणाऱ्यांना डोळ्यात कधी लोखंडी कण गेला होता का, हेही विचारतात.

अडतं ते अनपेक्षित काही दिसल्यावर. असं दिसणं नवलाचं नाही. नेदरलँड्समधल्या २००० जणांच्या पाहणीत (२००७) १.८ टक्के लोकांच्या मेंदूत रक्तवाहिनीला फुगवटा सापडला. असे बरेच फुगवटे कधीच फुटत नाहीत, पण कळल्यावर झोप उडते.

संमतीपत्रात ‘कळवा’ आणि ‘कळवू नका’ असे दोन चौकोन आहेत. मजकूर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषांत. सोलापुरात हे हवंच. अंगठा देणाऱ्यासाठी तटस्थ साक्षीदारही असतो. इथपर्यंत पूर्ण गुण.

पण चित्रं रेडिओलॉजिस्ट पाहणार का आणि किती दिवसांत, हे कुठेच लिहिलेलं नाही. काउंटरवर मात्र ‘फुकटात तपासणीही होऊन जाईल’ असं सांगतात. हे साफ चूक आहे, आणि घातकही. संशोधनाचं स्कॅन मोजमापासाठी असतं; निदानाला लागणारे सगळे सीक्वेन्स (वेगवेगळ्या प्रकारे घेतलेली चित्रं) किंवा कॉन्ट्रास्ट (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध) त्यात असतीलच असं नाही. केंद्राकडून फोन आला नाही म्हणजे डोकं निर्धोक, असं समजून कुणी खरी डोकेदुखी अंगावर काढेल.

खर्चाबद्दलही मौन. संशोधनामुळे इजा झाली तर भरपाई मिळते; गाठ आधीपासूनच असेल तर ती इजा ठरत नाही. पुढचा स्कॅन स्वतःच्या खिशातून. निदान सिव्हिलच्या न्यूरो ओपीडीसाठी चिठ्ठी तरी द्यावी. विम्याचंही सांगायला हवं: एकदा कळलं की नव्या पॉलिसीच्या अर्जात ते लपवता येत नाही, लपवलं तर दावा नाकारला जाऊ शकतो. ‘कळवा’वर खूण करण्याआधी माणसाला हे माहीत असायला हवं.

सही करण्याआधी चित्रं कोण पाहणार, निरोप कुणाच्या नंबरवर येणार आणि पुढच्या तपासणीचे पैसे कोण देणार, हे संमतीपत्रावरच लिहून मागा. घरच्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट नको असेल तर तसंही लिहा. टाळाटाळ झाली तर एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनात सहभागींच्या हिताकडे लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, नंबर त्याच कागदावर छापलेला आहे.