स्पीडमास्टर, नॅव्हिटायमर, सेइको 6139 की पोल्योत 3133: जुनं पायलट-स्पेस क्रोनोग्राफ घ्यायचं तर कुठलं?

जुनं क्रोनोग्राफ, म्हणजे आत स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ, घ्यायचं ठरवून शोधायला बसलात की लगेच दिसतं, विकणारा प्रत्येक जण आपल्या घड्याळाला पायलट वॉच तरी म्हणतो नाहीतर स्पेस वॉच तरी. ह्यात मुळात तीन वेगळे प्रकार आहेत आणि ते आधी सुटे केले नाहीत तर पैसे भलत्या ठिकाणी जातात. एक, वैमानिकाच्या कामासाठी मुद्दाम बनवलेलं. दुसरं, बनवलं दुसऱ्याच कामासाठी पण नासानं तपासून अंतराळवीरांच्या हातात दिलं. आणि तिसरं, एका माणसानं दुकानातून स्वतःच्या पैशानं घेतलं आणि कुणाला न सांगता वर नेलं. नॅव्हिटायमर पहिल्यातलं, स्पीडमास्टर दुसऱ्यातलं, सेइको 6139 तिसऱ्यातलं, आणि रशियन पोल्योत ह्या तिन्हींबाहेरचं, लष्कराचं.

माझं मत आधीच सांगतो. बजेट लाखांत असेल तर 1970 च्या दशकातलं ओमेगा स्पीडमास्टर घ्या, हजारांत असेल तर सेइको. नॅव्हिटायमर मला चौघांत सगळ्यात सुंदर वाटतं, तरी पहिलं क्रोनोग्राफ म्हणून ते कुणाला घ्या म्हणणार नाही. का ते खाली येतंच.

स्पीडमास्टर 1957 ला आलं तेव्हा चंद्राचा काही संबंध नव्हता, ते मोटर रेसिंगवाल्यांसाठी होतं, म्हणून तर वेग मोजायची टॅकिमीटरची पट्टी डायलवरून उचलून बाहेर बेझलवर, म्हणजे काचेभोवतीच्या रिंगवर, आणली. ऑक्टोबर 1962 मधे अंतराळवीर वॉली शिरानं नासाच्या मर्क्युरी यानाच्या उड्डाणात स्वतःचं स्पीडमास्टर नेलं, म्हणजे सुरुवात इथंही खासगीच. पण 1964-65 मधे नासानं वेगवेगळ्या कंपन्यांची क्रोनोग्राफ मागवली आणि अक्षरशः मोडायला घेतली. 71 अंश सेल्सिअसला दोन दिवस, मग अर्धा तास 93 ला, उणे 18 ला चार तास, शिवाय दमटपणा, निर्वात पोकळी, हादरे, 40 जी चे धक्के. रोलेक्स दमटपणाच्या चाचणीत थांबलं आणि उष्णतेत त्याचा काटा वाकला, लाँजिन्स-विटनॉरची काच उष्णतेनं वाकून निघाली. स्पीडमास्टरच्या पण डायलवरचा अंधारात चमकणारा रंग गेला आणि वेळ पुढंमागं झाली, पण ते चालत राहिलं, आणि 1 मार्च 1965 ला पास झालं. जूनमधे अंतराळवीर एड व्हाइट जेमिनी 4 यानातून बाहेर तरंगला तेव्हा ते त्याच्या सूटच्या बाहीवर लांब वेल्क्रो पट्ट्यानं बांधलेलं होतं.

चंद्रावरची गोष्ट बहुतेकांना अर्धवट माहिती असते. आर्मस्ट्राँगनं आपलं घड्याळ यानातच ठेवलं होतं कारण आतला इलेक्ट्रॉनिक टायमर बिघडला होता, त्यामुळं चंद्राच्या जमिनीवर पहिलं गेलं ते बझ ऑल्ड्रिनच्या हातावरचं, आणि ते पुढं संग्रहालयाकडं पाठवताना हरवलं ते आजतागायत सापडलेलं नाहीये. मला मात्र त्याहून मोठी वाटते ती अपोलो 13 ची गोष्ट. एप्रिल 1970, यानाची वीज वाचवायला सगळं बंद केलेलं, परतीचा मार्ग सुधारायला इंजिन 14 सेकंद चालवायचं, आणि ते 14 सेकंद जॅक स्विगर्टनं हातातल्या चावीच्या घड्याळावर मोजले. क्रोनोग्राफ ह्या वस्तूचा अर्थ ह्याहून सरळ कुठं दिसत नाही.

आता विकत घेणाऱ्यासाठी महत्त्वाचं. स्पीडमास्टरमधे दोन मशीनं येतात, 1968 पर्यंतचं 321 आणि तिथून पुढं 861. चंद्रावर पहिल्यांदा गेलं ते 321. त्यात स्टार्ट-स्टॉपचं काम कॉलम व्हील, म्हणजे वर खांब असलेलं छोटं चाक, करतं, बटण दाबल्यावर अगदी मऊ जातं, जाणकार लोक ह्या एका स्पर्शासाठी वेडे आहेत आणि किंमत पण तशीच वेडी आहे. 861 मधे कॉलम व्हीलच्या जागी कॅम, म्हणजे बनवायला सोपा चपटा तुकडा, आला, बटण जरा कडक लागतं, पण ते तासाला 18,000 ऐवजी 21,600 ठोके देतं, दणकट आहे, आणि मुख्य म्हणजे त्याचाच वंश 1861 नावानं 2021 पर्यंत नव्या घड्याळांत बसत होता. म्हणजे पार्ट मिळतात आणि ते मशीन रोज हाताळणारे कारागीर आहेत. पहिल्यांदा घेणाऱ्यानं 321 च्या मागं लागू नये असं मला ठामपणे वाटतं, कारण त्या दर्जाच्या नगात काय ओरिजनल आणि काय बदललेलं हे ओळखायला वर्षं जातात. 2021 मधे एका लिलावात 1957 चं स्पीडमास्टर 31 लाख स्विस फ्रँकवर गेलं, ओमेगानं स्वतःच्या संग्रहालयासाठी घेतलं, आणि 2023 मधे त्यांनीच सांगितलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे पार्ट जुळवून बनवलेलं होतं. जिथं कंपनीच फसते तिथं आपण फोटो बघून काय ठरवणार?

बेझल नीट बघा. 90 आकड्याचा ठिपका आकड्याच्या डोक्यावर असेल तर ती साधारण 1970 च्या आधीची, बाजूला असेल तर नंतरची. नुसती ती जुनी रिंग हजारो डॉलरना विकली जाते, त्यामुळं नवी बेझल असलेल्या घड्याळावर जुनी चढवून विकणं चालतं आणि उलटंही चालतं. काचेच्या बरोबर मधे आतून कोरलेलं ओमेगाचं बारीकसं चिन्ह असतं, उजेडात तिरकं धरलं तर दिसतं. काच प्लॅस्टिकची आहे म्हणून नाक मुरडू नका, फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून नासाला तीच हवी होती, आणि चरे पडले तर पॉलिशनं घरी जातात.

नॅव्हिटायमरकडं वळू. विली ब्राइटलिंगनं 1952 च्या सुमारास अमेरिकेतल्या विमानमालक आणि वैमानिकांच्या संघटनेसाठी हे तयार करायला घेतलं, म्हणून जुन्या डायलवर संघटनेचे पंख दिसतात. डायलभोवतीचे ते बारीक आकडे नक्षी म्हणून नाहीयेत, ती गोल स्लाइड रूल, म्हणजे रिंग फिरवून गुणाकार-भागाकार करायची पट्टी, आहे. समजा 40 मिनिटांत 60 लिटर इंधन गेलं. बाहेरच्या रिंगवरचा 60 आतल्या 40 समोर आणायचा आणि आतल्या 60 च्या खुणेसमोर बाहेर काय आलं ते वाचायचं, 90 येतं, म्हणजे तासाला 90 लिटर. वेग, अंतर, नॉटिकल मैलाचे किलोमीटर, सगळं ह्याच पद्धतीनं, आणि हे कॅल्क्युलेटर खिशात यायच्या वीसेक वर्षं आधी.

ह्याचंच 24 तासांचं डायल असलेलं कॉस्मोनॉट मॉडेल अंतराळवीर स्कॉट कारपेंटरनं मागून घेतलं होतं. पृथ्वीभोवती फिरताना दीड तासाला एक सूर्योदय होतो, मग घड्याळात सहा वाजलेत म्हणजे सकाळचे की संध्याकाळचे कळणार कसं, म्हणून तासकाट्याला दिवसात एकच फेरी. 24 मे 1962 ला तो अरोरा 7 मधून ते घालून गेला. यान ठरल्या जागेच्या 400 किलोमीटर पुढं समुद्रात पडलं, तो रबरी तराफ्यावर मदतीची वाट बघत बसला आणि घड्याळात खारं पाणी शिरून ते कायमचं बंद पडलं.

माझी अडचण इथंच आहे. जुन्या नॅव्हिटायमरच्या बटणांतून, चावीतून, फिरत्या बेझलखालून कुठूनही ओल आत जाऊ शकते, आणि आपण मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर काढणारी माणसं. डायल एकदा डागाळलं की संपलं, परत रंगवलं तर किंमत पडते. आतलं व्हीनस 178 मशीन अप्रतिम, कॉलम व्हीलवालं, पण बनवणारी व्हीनस केव्हाच इतिहासजमा झाली, ब्राइटलिंगचा जुना कारखाना 1979 मधे बंद पडून नाव दुसऱ्या मालकाकडं गेलं, त्यामुळं पार्ट म्हणजे दुसरं मेलेलं घड्याळ शोधा. ज्याच्याकडं आधी दोन-तीन घड्याळं आहेत आणि हे फक्त कोरड्या दिवसांत घालायची तयारी आहे त्यानं जरूर घ्यावं. रोजच्या हातासाठी नको.

आणि आता सेइको 6139, ज्यावर माझा सगळ्यात जीव आहे. 1969 ला तीन गटांची ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारी, क्रोनोग्राफ जवळजवळ एकाच वेळी बाजारात आली, झेनिथचं एक, ब्राइटलिंग-ह्यूअर वगैरेंचं मिळून दुसरं आणि सेइकोचं तिसरं. बाकीचे दोघे गाजावाजा करत होते, सेइकोनं शांतपणे मशीन विकायला काढलं, आणि त्यात कॉलम व्हील पण होतं आणि व्हर्टिकल क्लच पण, म्हणजे दातांऐवजी चकत्या एकमेकींवर दाबून काटा जोडणारी रचना. क्लचचा फरक डोळ्यांनी दिसतो: स्पीडमास्टरचं बटण दाबलं की सेकंदकाटा कधीकधी हलकासा झटका खाऊन निघतो कारण चाकाचे दात दातांत अडकायचे असतात, सेइकोचा काटा मात्र काहीच न झाल्यासारखा सरळ चालू लागतो.

कर्नल विल्यम पोगनं पिवळ्या डायलचं 6139 एलिंग्टन हवाई तळावरच्या दुकानातून 71 डॉलरना घेतलं होतं. ट्रेनिंगमधे तेच वापरलं, हात बसला, म्हणून नोव्हेंबर 1973 मधे नासाच्या स्कायलॅब अंतराळस्थानकावर जाताना परवानगी नसताना सूटच्या खिशात टाकून नेलं आणि वर गेल्यावर हातात घातलं. 84 दिवस. वजनच नसताना ऑटोमॅटिकचा रोटर, म्हणजे चावी भरणारा फिरता तुकडा, फिरेल का अशी शंका घेतली जायची, पण हे घड्याळ तिथं चालत राहिलं. कुणी जाहिरात केली नाही, कंपनीला पत्ता नव्हता, वर्षानुवर्षं कुणाला कळलं पण नाही. 2008 मधे लिलावात ते सहा हजार डॉलरच्या आतच गेलं. मला ही गोष्ट चंद्रावरच्या गोष्टीइतकीच मोलाची वाटते, कारण इथं माणसानं घड्याळ निवडलं ते हाताला बसलं म्हणून.

घेताना मागचं झाकण बघा, मॉडेल नंबर आणि सिरीयल तिथंच असतो. सिरीयलचा पहिला आकडा वर्ष, दुसरा महिना, म्हणजे 3 नं सुरू होत असेल तर 1973. डायलच्या अगदी खालच्या कडेला बारीक कोड छापलेला असतो, तो धूसर किंवा गायब असेल तर डायल नंतर बनवलेलं आहे समजा, आणि पिवळी डुप्लिकेट डायलं बाजारात ढिगानं आहेत. ह्यात चावी देता येत नाही, हलवूनच चालू करायचं. चावी पूर्ण दाबली की वार, अर्धी दाबली की तारीख. आतली फिरती रिंग चावीनं फिरत नसेल तर तिचं छोटं गिअर तुटलंय. वेगळा सेकंदकाटा नाहीये म्हणून बरेच जण क्रोनोग्राफ कायम चालू ठेवतात, व्हर्टिकल क्लचमुळं ते चालतं. आणि दुरुस्तीला देताना आधी विचारा की हे मशीन पूर्वी उघडलंय का, कारण मधलं क्लचचं चाक सुटं करायचं नसतं आणि नुसत्या सवयीनं ते खोलून तेल घातलं की क्रोनोग्राफ घसरतो.

पोल्योत 3133 ची गंमत वेगळी. 1970 च्या दशकात सोव्हिएत संघानं स्वित्झर्लंडकडून व्हाल्जू 7734 ह्या क्रोनोग्राफ मशीनची यंत्रसामग्री विकत घेतली आणि मॉस्कोत आपलं मशीन सुरू केलं. नौदलासाठी ओकेआन, हवाई दलासाठी श्तुर्मान्स्की, आणि ही लष्करी मॉडेल दुकानात मिळत नव्हती. गागारीन 1961 ला गेला तेव्हा हातात श्तुर्मान्स्कीच होतं पण ते साधं तीन काट्यांचं, क्रोनोग्राफ नव्हे, विकणारे हे मिसळून टाकतात. राकेश शर्मा एप्रिल 1984 मधे सोयुझ टी-11 मधून गेले त्या काळातलं खरं सोव्हिएत यंत्र हवं असेल तर 3133 च, स्वस्त आणि चांगलं. फक्त डायलच्या तळाशी रशियन लिपीत 'सोव्हिएत संघात बनवलेलं' छापलंय का बघा, नसेल तर ते बहुधा 1991 नंतरचं, आणि नंतरच्या मालात जुळवाजुळवीचे नग फार.

फ्रेंच टाइप 20 आणि त्याच्या भावंडांचा उल्लेख न करता पुढं गेलो तर अन्याय होईल. 1950 च्या दशकात फ्रेंच हवाई दलासाठी बनलेली ही घड्याळं फ्लायबॅकवाली, म्हणजे थांबवा, शून्यावर आणा, परत सुरू करा हे तीन वेळा दाबायच्या ऐवजी एकदाच. ढगात होकायंत्रावर उडताना, ह्या दिशेला तीन मिनिटं आणि मग त्या दिशेला दोन, असं मोजणाऱ्या माणसाला ह्याची किंमत कळते. पण ब्रेगे कंपनीची महाग आणि बाकीच्यांत बनावट फार, पहिल्यांदा नको. बजेट अगदी कमी असेल तर चिनी हवाई दलासाठीच्या 1963 च्या घड्याळाची तिआनजिनमधून येणारी नवी आवृत्ती बघा, मशीन त्याच जुन्या व्हीनस 175 च्या वंशातलं, कॉलम व्हीलवालं. एचएमटी पायलट बरेच जण विचारतात, घड्याळ छान आहे पण त्यात क्रोनोग्राफ नाही, वेगळा विषय.

आपल्याकडं घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. जगभरचे संग्राहक भडक रंगात परत रंगवलेल्या जुन्या सेइको, फाव्हर-ल्यूबा, एचएमटीला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. त्यामुळं इथला नग चकचकीत असेल तर जास्त शंका घ्या, कमी नाही. 1960 च्या दशकातल्या घड्याळाचे काटे अंधारात अजून हिरवे झळकत असतील तर चमकणारा रंग नंतर भरलाय, कारण त्या काळच्या रंगातल्या ट्रिटियम ह्या किरणोत्सर्गी द्रव्याचा जोर बारा-साडेबारा वर्षांत अर्धा होतो आणि आता काही उरत नाही. त्याहून जुन्या डायलवर खरं किरणोत्सर्गी रेडियम असतं, ते घरी उघडू-खरवडू नका.

पैसे देण्याआधी विक्रेत्याकडून दोनच गोष्टी मागा: झाकण उघडून मशीनचा स्पष्ट फोटो, आणि एक सलग व्हिडिओ ज्यात क्रोनोग्राफ सुरू करून निदान पाच मिनिटं चालू ठेवलाय, मिनिटाचा काटा दर मिनिटाला सरकतोय, मग थांबवून रिसेट केल्यावर सगळे काटे बरोबर शून्यावर येतात. सेकंदकाटा 12 च्या जरा अलीकडं-पलीकडं थांबत असेल तर सर्व्हिसिंगचा पूर्ण खर्च किंमतीतून आधीच वजा करून बोला, आणि माल बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्यूटी त्यात वेगळी धरा.