पासाऊ ते क्रेम्स, डॅन्यूबच्या काठाने सायकलवर : आई-बाबांना घेऊन केलेल्या ट्रिपचा रिव्ह्यू

बाबांनी सांगलीत जन्मभर सायकल चालवली, घर ते कारखाना, सकाळ-संध्याकाळ. चार वर्षांपूर्वी एक डंपर अगदी घासून गेला, त्या दिवसापासून ती सायकल जिन्याखाली उभी आहे. त्यामुळे यंदा जुलैत आई-बाबा माझ्याकडे म्युनिकला आले तेव्हा मी आधीच ठरवलेलं की यांना एकदा तरी अशा रस्त्यावर न्यायचं जिथे मागून हॉर्न येत नाही. डॅन्यूब नदीच्या काठाचा सायकल मार्ग, जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंत साधारण 320 किलोमीटर. आम्ही क्रेम्सपर्यंत पाच दिवस चालवली आणि पुढे ट्रेन घेतली. मी 38, बाबा 67, आई 63. आईसाठी ई-बाईक, आम्हा दोघांना साधी.

म्युनिकहून पासाऊला ट्रेनने दोन-सव्वादोन तास लागतात. तिथे इन, इल्झ आणि डॅन्यूब अशा तीन नद्यांचा संगम आहे. इनचं पाणी हिमनद्यांमुळे हिरवट-करडं, इल्झचं काळपट, आणि वरून किल्ल्यावरून बघितलं तर हे रंग बराच वेळ शेजारी शेजारी वाहताना दिसतात. आईने लगेच हात जोडले. पण बाबा अडकले ते नगरपालिकेच्या जुन्या इमारतीपाशी, कारण तिथल्या भिंतीवर कुठल्या साली पूर कुठवर आला त्याच्या खुणा कोरल्यात, 2013 ची खूण तर बघताना मान वर करावी लागते. सांगलीच्या आमच्या घरात 2019 च्या पुरात पाणी शिरलेलं, भिंतीवरची ती रेघ अजून आहे. बाबा तिथे बराच वेळ काही न बोलता उभे होते, मग म्हणाले, "नदी सगळीकडं सारखीच."

आता रस्त्याबद्दल. हा मार्ग इतका सपाट का, तर पूर्वी प्रवाहाच्या उलट्या दिशेने होड्या न्यायला काठावरून घोडे दोरखंडाने त्या ओढत न्यायचे, आणि त्या घोड्यांच्या वाटा आज बऱ्याच ठिकाणी सायकलचा ट्रॅक झाल्यात. पासाऊ समुद्रसपाटीपासून साधारण 300 मीटरवर, व्हिएन्ना 160 च्या आसपास, म्हणजे सगळ्या रस्त्याला मिळून 140 मीटरचा उतार, आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, पाठीवर. म्हणून उलट दिशेने जाऊ नका, नदी जाते तिकडेच जा.

माझ्यासाठी सगळ्यात भारी पट्टा म्हणजे पहिला, पासाऊ ते श्लोगन. तिथे नदी कठीण खडकाला धडकून जवळजवळ उलटी फिरते, दोन्हीकडे दाट जंगलाचे डोंगर थेट पाण्यात उतरलेले. वळणाच्या आतल्या बाजूने एका टप्प्यात काठाला रस्ताच नाही, त्यामुळे सायकलसकट छोट्या बोटीत चढायचं, दोन-चार युरो, सुटे पैसे जवळ ठेवा. श्लोगनहून वर व्ह्यू पॉइंटपर्यंत अर्धा-पाऊण तासाची चढण आहे, आई खाली कॉफी पीत बसली, मी आणि बाबा गेलो, आणि वरून ते अख्खं वळण दिसलं तेव्हा दमणूक गेलीच.

पहिल्या दिवशी बाबा दर मिनिटाला मान वळवून मागे बघत होते. सवय. मागे कोणीच नसायचं, फार तर एखादी जर्मन आजी घंटी वाजवत पुढे जायची. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की ते आता मागे बघत नाहीयेत, हात सैल सोडून नदीकडे बघत चालवतायत. माझ्या दृष्टीने ट्रिपचे पैसे तिथेच वसूल झाले.

पण "ट्रॅफिक-फ्री" म्हणजे अगदी शंभर टक्के नाही, हे आधीच सांगते. गावांमधून जाताना रस्ता तिथल्या लोकांच्या गाड्या आणि ट्रॅक्टरसोबत वापरावा लागतो (हळू चालवतात, थांबतात पण). लिंट्झ शहराच्या आधी काही किलोमीटर सायकलचा ट्रॅक वेगळा असला तरी शेजारून मोठा रस्ता जातो, आवाज डोक्यात जातो. तेवढं अंतर ट्रेनने केलंत तरी काही बिघडत नाही.

लिंट्झच्या पुढे माउथहाउझेन लागतं. 1938 ते 1945 नाझींची छळछावणी, सुमारे 1 लाख 90 हजार कैदी, त्यातले किमान 90 हजार मेले. दगडाच्या खाणीतून माणसांकडून ग्रॅनाइट वाहून घेत होते त्या 186 पायऱ्या अजून आहेत. मुख्य मार्ग सोडून वर चढून जावं लागतं, पण वगळू नका. त्या संध्याकाळी आम्ही तिघंही फार बोललो नाही.

मग मेल्क. टेकडीवर पिवळाधमक भव्य मठ, आजची इमारत 1702 ते 1736 मधली, आतली लायब्ररी बघून बाबा खुश. मेल्क ते क्रेम्स साधारण 36 किलोमीटर म्हणजे वाखाऊचं खोरं, 2000 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत, उतारावर दगडी बांधांच्या पायऱ्यापायऱ्यांवर द्राक्षमळे. इथे एक कामाची गोष्ट, बहुतेक लोक उत्तर काठाने जातात कारण प्रसिद्ध गावं तिकडे, त्यामुळे तिथे गर्दी आणि शेजारून गाड्या. आम्ही दक्षिण काठाने गेलो. शांत, सावली, जर्दाळूच्या बागा. उत्तर काठावरच्या ड्युर्नश्टाइन गावाचा तो निळा-पांढरा चर्चचा मनोरा आणि वर पडका किल्ला, जिथे इंग्लंडचा राजा रिचर्ड 1192 च्या शेवटी कैदेत होता, हे सगळं पलीकडून जास्त छान दिसतं, आणि गावात जायचंच असेल तर समोरून बोट आहे.

जुलैत तिथे जर्दाळू पिकतात, तिकडे त्याला मारिले म्हणतात, रस्त्याकडेला टोपल्या लावलेल्या. अख्खा जर्दाळू पिठाच्या पारीत भरून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवून वर साखर. आई म्हणाली, "अगं हा तर मोदकच की!" आणि दोन दिवस जेवणाऐवजी तेच खाल्लं. व्हेज लोकांचं एरवी चीज घातलेले नूडल्स आणि सूप यावर भागतं, पण लहान गावात सोमवार-मंगळवार खानावळी बंद असतात, आमची एका संध्याकाळी बिस्किटांवर वेळ आलेली. थेपले किंवा दशम्या बरोबर ठेवा, खरंच.

सर्व्हिसबद्दल : सायकली, हॉटेलं आणि बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणं असं पॅकेज एका कंपनीकडून घेतलं होतं. सायकली उत्तम, ब्रेक-गिअर चोख. पण तिसऱ्या दिवशी बॅगा रात्री साडेआठला आल्या, आईच्या बीपीच्या गोळ्या त्यातच, आणि फोनवर नुसतं "येतायत" एवढंच. औषधं, चार्जर, रेनकोट हे कायम सायकलवरच्या पिशवीत ठेवा. सीटची उंची पहिल्याच दिवशी नीट करून घ्या, मी कंटाळा केला आणि दोन दिवस गुडघा धरला. 12 वर्षांखालच्या मुलांना ऑस्ट्रियात हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, आणि मोठ्यांनीही घालाच.

रोज 40 ते 60 किलोमीटर झाले. रोज सायकल न चालवणाऱ्यालाही जमतं, फक्त उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत निघा, दुपारी ऊन कडक असतं आणि बंधाऱ्यांजवळ सावली नाही.

मार्कच द्यायचे तर रस्त्याला पाचपैकी पाच, पॅकेजला साडेतीन. क्रेम्सला सायकली परत दिल्या, ट्रेनने तासाभरात व्हिएन्ना. बाबा ट्रेनमध्ये नकाशा मांडीवर घेऊन बसलेले, उरलेले व्हिएन्नापर्यंतचे किलोमीटर मोजत. पुढच्या वर्षी तिथून सुरू करून ब्रातिस्लाव्हा गाठायचं म्हणतायत, आईची ई-बाईक आत्तापासूनच बुक करायला सांगितलीय.