स्वतःचं वर्कस्टेशन घ्यावं की परमवर वेळ मागावी?

ग्रँट मंजूर झाली की सांगली-मिरजेकडे पहिला विचार बहुधा एकच असतो: जीपीयूवालं (एकाच वेळी हजारो हिशेब करणारी चिप असलेलं) दणकट मशीन घेऊन लॅबमध्येच ठेवू. तसं करण्यात फायदा आहेच. रांग नाही, कुणाची परवानगी नाही, कोड फसला तर लगेच दुरुस्त करून पुन्हा लावता येतो. पण एसी, यूपीएस, बिघाडाचा खर्च हे कोटेशनमध्ये दिसत नाही. त्यात पीएचडीचा विद्यार्थी लिखाणाला बसला की तेच मशीन महिनोन्‌महिने ईमेल बघायला वापरलं जातं.

दुसरा पर्याय सामायिक महासंगणकाचा, म्हणजे ‘परम’ नावाच्या देशी मालिकेतल्या यंत्राचा. राष्ट्रीय महासंगणन मोहीम 2015 साली सुरू झाली. तिच्यातून पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेमध्ये परम ब्रह्म आला, तर 2024 मध्ये खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी परम रुद्र. बाहेरच्यांना वेळ कशी आणि काय दराने मिळते, हे त्या त्या संस्थेला आधीच विचारा. अर्जात लागणारे कोर-तास लिहावे लागतात, म्हणजे प्रोसेसरमधले किती कोर (हिशेब करणारे भाग) किती तास लागतील: 48 कोर 10 तास म्हणजे 480.

हे कुठे लागतं? कृष्णा-कोयना खोऱ्यातल्या पावसाचं उदाहरण घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, सांगलीत जेमतेम सहाशेच्या आसपास. हवामानाचं मॉडेल प्रदेशावर चौकोनांची जाळी टाकून हिशेब करतं; घाटाचा हा उतार 9 किलोमीटरच्या जाळीत नीट येत नाही. जाळी 3 किलोमीटरची केली की तेवढ्याच क्षेत्रात बिंदू नऊपट होतात, वेळेची पायरीही तिप्पट बारीक करावी लागते. म्हणजे काम सुमारे सत्तावीसपट. लॅबमधलं मशीन इथे हात टेकतं. डब्ल्यूआरएफसारखं हवामानाचं मॉडेल मात्र अनेक नोडवर (महासंगणकातल्या जोडलेल्या संगणकांवर) वाटून चालतं, म्हणून माझा कौल अशा कामाला परमकडेच.

उलट पूररेषेसाठी हेक-रास या नदीच्या प्रवाहाच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर माउसने काम करायचं असेल तर महासंगणकाचा फारसा उपयोग नाही. ते मुख्यतः विंडोजवरचं, परमवर लिनक्स. आणि ज्या प्रोग्रॅमचं एक दशांश काम कोरांत वाटता येत नाही, एकामागून एकच चालतं, तो हजार कोर दिले तरी दहापटीपलीकडे वेगवान होत नाही.

भाड्याचा क्लाउड तातडीच्या कामाला ठीक. पण डेटा बाहेर काढायचेही पैसे पडतात आणि दर महिन्याला बदलणारं बिल अकाउंट सेक्शनच्या गळी उतरवणं हा वेगळाच प्रकल्प.

परमवर जाणार असाल तर साधं वर्कस्टेशन तरीही हवं, चाचणीपुरतं. मोठा जॉब (महासंगणकाला दिलेलं काम) लावताना रीस्टार्ट फाइल, म्हणजे थांबलं तिथून पुढे चालू करता येईल अशी नोंद, लिहायला सांगा, नाहीतर वेळमर्यादा संपली की जॉब मारला जातो आणि पुन्हा पहिल्यापासून. स्क्रॅचमधल्या (तात्पुरत्या साठवणीतल्या) जुन्या फायली पुसल्या जातात, तेव्हा निकाल वेळच्या वेळी उतरवून घ्या; कॉलेजच्या नेटवर ते रात्री लावलेलं बरं.