९००० ल्युमेनचा प्रोजेक्टर आणि ६५ वॅटचा अडॅप्टर

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ९००० ल्युमेन (एकूण उजेडाचं माप), फुल एचडी, फोर-के सपोर्ट, ३०० इंची चित्र. जाहिरातीतल्या फोटोत खिडक्या सताड उघड्या, खोलीत भरदुपारचं ऊन, आणि तरीही भिंतीवरचं चित्र टीव्हीसारखं झळझळीत. घरी लावल्यावर मात्र दिवे मालवून, पडदे ओढूनही चित्र फिकटच. मधली अक्षरं बरी, कोपऱ्यांतली फिसकटलेली, काळ्याच्या जागी राखाडी. घेणाऱ्याला वाटतं, चूक आपलीच असणार. सेटिंग जमलं नसेल, भिंत चांगली नसेल. मग तो पडदा मागवतो, वायर बदलतो, प्रोजेक्टर पुढेमागे सरकवतो, आणि या खटपटीत माल परत करायची मुदत उलटून जाते. स्वस्तातल्या प्रोजेक्टरची फसवणूक बहुतेक वेळा अशीच पचते. ती पकडायला लागणारं सामान घरातच असतं: मोजपट्टी, लॅपटॉप, आणि अडॅप्टरवरचं लेबल.

लेबलपासूनच सुरुवात करा. त्यावर ‘आउटपुट १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर’ असं काहीतरी असतं. गुणाकार केला की ६५ वॅट. अडॅप्टर आतच असेल, तर प्रोजेक्टरच्या तळाशी वॅट छापलेले असतात. यातून पंखा, स्पीकर आणि आतल्या सर्किटची वीज वजा केली की एलईडीच्या वाट्याला ४५ ते ५० वॅट उरतात. चांगला पांढरा एलईडी एका वॅटमागे साधारण १२० ल्युमेन देतो, म्हणजे फार तर ६००० ल्युमेन. हा हिशोब एलईडीच्या तोंडाशी झाला. पडद्यापर्यंतचा रस्ता अजून बाकी आहे. या वर्गातल्या बहुतेक प्रोजेक्टरमध्ये चार-साडेचार इंची एकच एलसीडी पॅनल असतं. त्यावरची पोलरायझरची फिल्म, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारा पापुद्रा, अर्ध्याहून जास्त उजेड गिळते. उरलेल्यातला दोनतृतीयांश लाल-हिरव्या-निळ्या फिल्टरमध्ये जातो, कारण प्रत्येक पट्टी आपला एकच रंग पुढे सोडते. पिक्सेलमधल्या तारा, फ्रेनेल भिंग आणि पुढची लेन्स आपापला हिस्सा घेतात तो वेगळाच. भिंतीवर पोचतो तो विसाव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे २५० ते ३०० ल्युमेन. खोक्यावरचे ९००० तर एलईडीच्या तोंडाशीसुद्धा बसत नाहीत.

शब्दांची मखलाशी इथेच असते. ‘अ‍ॅन्सी ल्युमेन’ ही मोजायची ठरलेली पद्धत आहे: पूर्ण पांढरं चित्र टाकायचं, त्याचे तीन गुणिले तीन असे नऊ समान भाग करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर उजेड मोजायचा आणि सरासरीला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. ‘आयएसओ ल्युमेन’ हीसुद्धा अशीच मोजणी, आयएसओ २१११८ या मानकाप्रमाणे केलेली. नुसतं ‘ल्युमेन’, ‘एलईडी ल्युमेन’, ‘लाइट सोर्स ल्युमेन’ किंवा ‘लक्स’ लिहिलेलं असेल, तर तो पडद्यावरचा आकडा नव्हे. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन, आणि तो तर हवा तेवढा वाढवता येतो; प्रोजेक्टर भिंतीजवळ नेऊन चित्र लहान केलं की झालं. विक्रेत्याला सरळ लेखी विचारा: अ‍ॅन्सी किंवा आयएसओ ल्युमेन किती? उत्तरात आकड्याऐवजी ‘हाय ब्राइटनेस’ आलं, तर तो व्यवहार तिथेच सोडा.

लक्समीटर मिळाला तर मोजणी घरीही होते. फोनमधल्या सेन्सरचं अ‍ॅप ढोबळ अंदाजापुरतं चालतं. प्रत्येक फोनचा आकडा थोडा वेगळा येतो, पण ३०० आणि ३००० यांतला फरक त्यालाही कळतो. ८० इंची चित्र १.७७ मीटर रुंद आणि १ मीटर उंच असतं, म्हणजे १.७६ चौरस मीटर. खोली पूर्ण अंधारी करून, मीटर भिंतीला टेकवून प्रोजेक्टरकडे तोंड करून धरा आणि नऊ आकडे घ्या. सरासरी १३० लक्स आली तर १३० गुणिले १.७६, म्हणजे जेमतेम २३० ल्युमेन.

मग लागतात तरी किती? डिजिटल सिनेमागृहात पडद्यावरचा पांढरा ४८ कॅन्डेला प्रति चौरस मीटर इतका उजळ ठेवतात. १०० इंची, १६:९ चित्र २.२१ मीटर रुंद आणि १.२५ मीटर उंच असतं, आणि साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढी पातळी गाठायला सुमारे ४२० ल्युमेन लागतात. तेही खोली पूर्ण काळोखी असताना. रंग खरे दिसणाऱ्या मोडमध्ये उजेड तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त उतरतो, आणि वापराने तो आणखी घटतो. म्हणून १०० इंचांसाठी खरे ८०० ते १००० अ‍ॅन्सी ल्युमेन धरावेत. ३०० ल्युमेनच्या यंत्रावर ६० ते ७० इंची चित्र अंधारात समाधानाने बघता येतं, आणि बजेट तेवढंच असेल तर तसं ठरवून घेण्यात काहीच गैर नाही. ‘३०० इंच’ या दाव्याचा हिशोब मात्र बघाच. १०० इंचांच्या तुलनेत क्षेत्रफळ नऊपट, म्हणजे जवळपास २५ चौरस मीटर. तिथे २५० ल्युमेन पसरले की भिंतीवर पडतात १० लक्स. एवढ्या उजेडात चित्र अगदी मंद दिसतं.

आता पिक्सेल. ‘फोर-के सपोर्ट’ याचा अर्थ एवढाच, की यंत्र फोर-के सिग्नल आत घेतं. दाखवतं ते पॅनलवर जितके पिक्सेल असतील तितकंच. फोर-के चित्रात ८२,९४,४०० पिक्सेल असतात, ८५४ गुणिले ४८० च्या पॅनलवर ४,०९,९२०. वीसपैकी एक उरतो. म्हणून विचारायचा शब्द ‘नेटिव्ह रिझोल्यूशन’, म्हणजे पॅनलवरचे प्रत्यक्ष पिक्सेल. अलीकडे ‘नेटिव्ह १०८० पी’ हेसुद्धा खोटं छापलेलं आढळतं, आणि लॅपटॉप जोडल्यावर त्याच्या सेटिंगमध्ये १९२० गुणिले १०८० दिसलं म्हणून खात्री पटवून घेऊ नका. प्रोजेक्टर लॅपटॉपला जे सांगतो तेच तिथे दिसतं. खरं काय ते भिंत सांगते.

कीस्टोन (तिरपं पडलेलं चित्र चौकोनी करणारी सेटिंग) शून्यावर आणा, डिजिटल झूम १०० टक्के ठेवा, आणि प्रोजेक्टर भिंतीसमोर अगदी सरळ ठेवून चित्र बरोबर २ मीटर रुंद करा. पूर्ण पांढरं चित्र टाका, मध्यभागी फोकस नीट करा आणि भिंतीला नाक लागेल इतकं जवळ जा. बारीक चौकोनांची जाळी दिसेल. एकेका चौकोनात लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या दिसल्या, तर तिन्ही मिळून एक पिक्सेल धरायचा; पट्ट्याच मोजल्या तर हिशोब तिपटीने चुकतो. मोजपट्टी लावून आडवे दहा पिक्सेल मोजा. खरं १९२० चं पॅनल असेल तर दहा पिक्सेल १०.४ मिलिमीटरमध्ये बसतात. १५.६ भरले तर पॅनल १२८० चं, म्हणजे ७२० पी. २३ ते २५ भरले तर ४८० पी. दुसरी खूण हवी असेल तर लॅपटॉपवर एक पिक्सेल काळी, एक पिक्सेल पांढरी अशा उभ्या रेघांचं १९२० रुंदीचं चित्र उघडा, स्केलिंग १०० टक्के ठेवून. खऱ्या पॅनलवर रेघा सुट्या दिसतात, खोट्यावर त्यांची राखाडी लादी होते किंवा रुंद लाटा उमटतात.

इथे एका गोष्टीत घोळ नको. चांगल्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये १९२० गुणिले १०८० आरशांची चिप प्रत्येक फ्रेममध्ये चित्र किंचित सरकवून चार वेळा दाखवते आणि त्यातून फोर-के इतके बिंदू पडद्यावर पोचतात. ही फसवणूक नव्हे. बारकावे खरोखर वाढतात, आणि अशा यंत्राला वरची मोजपट्टी लागू पडत नाही.

‘५०,००० तास आयुष्य’ हा आकडा फार तर एलईडीचा असतो. रोज चार तास धरले तर ३४ वर्षं. त्याच्या खूप आधी एलईडीसमोरची पोलरायझरची फिल्म उष्णतेने करपते आणि चित्रात पिवळट किंवा निळसर डाग कायमचा बसतो. फिल्टर तुंबला, हवेची वाट अडली की हे लवकर होतं. दुसरं दुखणं धुळीचं. स्वस्त यंत्रात पंख्याची हवा सरळ पॅनलवरून फिरते, कण आत बसतो आणि पडद्यावर धूसर ठिपका दिसतो. म्हणून ऑप्टिकल इंजिन, म्हणजे पॅनल आणि भिंगांचा आतला भाग, सीलबंद आहे का, हे घेण्याआधी विचारा. दिव्याचा वापरलेला प्रोजेक्टर घेत असाल, तर मेनूतल्या तासांवर विसंबू नका. तो काउंटर बटणाने शून्य होतो. पूर्ण काळं आणि पूर्ण पांढरं चित्र टाकून बघा. डीएलपीमध्ये काळ्यावर पांढरे ठिपके दिसले तर चिपचे आरसे अडकू लागलेत, आणि एकदा सुरू झालं की ते सहसा वाढतच जातात. बदली दिवा घेतानाही दिव्याच्या जुन्या चौकटीत (हाउसिंगमध्ये) भलताच बल्ब बसवून ‘ओरिजिनल’ म्हणून गळ्यात मारतात.

पडद्याच्या बाबतीत तर मोजमापातच हात मारतात. ‘१०० इंच’ लिहिलेला पडदा ४:३ चा निघतो. त्याची रुंदी २०३ सेंटिमीटर, तर १६:९ च्या १०० इंची पडद्याची २२१. त्या ४:३ पडद्यावर सिनेमाचं चित्र ९२ इंचांचंच बसतं आणि वर-खाली पांढऱ्या पट्ट्या मोकळ्या राहतात. म्हणून कर्ण विचारूच नका. काळी किनार सोडून आतल्या पांढऱ्या भागाची रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मागा. ‘फोर-के पडदा’ हा शब्द पातळ सुरकुतलेल्या कापडावरही छापलेला असतो. कापडामागे दिवा धरून बघा: उजेड आरपार दिसला तर तेवढा प्रकाश भिंतीत वाया जाणार. ‘अँटी-लाइट’ नावाने मिळणारं रुपेरी कापड समोर बसणाऱ्याला उजळ वाटतं, पण मध्ये प्रकाशाचा गोळा दिसतो आणि बाजूला बसणाऱ्याला चित्र मंद. नुसतं राखाडी कापड काळ्याबरोबर पांढराही खाली ओढतं. ३०० ल्युमेनवर ते परवडत नाही. बाहेरचा उजेड झुगारणाऱ्या खऱ्या एएलआर पडद्यावर प्रकाशाची दिशा ओळखणारा बारीक थर असतो. तो घडी घालून पाकिटात येत नाही. त्यातही भिंतीलगत ठेवायच्या अल्ट्रा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टरसाठी बनवलेला पडदा साध्या प्रोजेक्टरला लावला, तर तो छतावरून येणारं चित्रच झुगारतो आणि सगळं काळवंडतं. आमचं स्पष्ट मत: पडद्याची घाई नको. सपाट भिंतीवर मॅट पांढरा रंग असेल तर सुरुवातीला तोच उत्तम पडदा. वाचलेले पैसे प्रोजेक्टरच्या खऱ्या ल्युमेनमध्ये घाला.

आतल्या स्मार्ट प्रणालीबद्दल थोडक्यात, पण गांभीर्याने. परवाना नसलेल्या अँड्रॉइडवर नेटफ्लिक्ससारख्या सेवा एकतर चालत नाहीत किंवा ४८० पी वर अडकतात, आणि संरक्षित कार्यक्रम फोनवरून मिरर केला तर पडदा काळा होतो. याहून वाईट म्हणजे कारखान्यातूनच आत घातलेला मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ या मालवेअर शिरलेल्या यंत्रांच्या जाळ्याविषयी इशारा दिला, त्यात टीव्ही बॉक्सबरोबर डिजिटल प्रोजेक्टरचाही उल्लेख होता. अनोळखी बनावटीचं यंत्र घरच्या वायफायला जोडूच नका. ओळखीची स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयमध्ये लावा.

माल खोटा निघाल्यावर विक्रेता भांडत नाही, हे लक्षात ठेवा. तो फार गोड बोलतो. आधी व्हिडिओ मागतो, मग नवं सॉफ्टवेअर पाठवतो, मग ‘प्रोजेक्टर तुमच्याकडेच ठेवा, १५ टक्के परत देतो’, चार दिवसांनी २५ टक्के. प्रत्येक निरोपात दोन-तीन दिवस जातात, आणि मुदत संपली की तो हात वर करतो. ‘आधी तक्रार मागे घ्या, मग पैसे पाठवतो’ असं म्हणाला तर मुळीच मागे घेऊ नका. बंद झालेली तक्रार पुन्हा उघडणं फार अवघड असतं. खोक्यात पंचतारांकित अभिप्रायाच्या बदल्यात बक्षीस देणारं कार्ड सापडलं, तर त्याचाही फोटो काढून ठेवा.

खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या. जाहिरातीच्या पानाचे स्क्रीनशॉट ऑर्डर देण्याआधीच काढा, कारण तक्रार गेली की मजकूर बदलतो. मोजणी पहिल्या दोन दिवसांतच उरका. तक्रारीत ‘चित्र बरं नाही’ असं लिहू नका. त्यावर सेटिंगचा सल्ला येतो आणि वेळ जातो. ‘वर्णनाप्रमाणे माल नाही’ हेच कारण निवडा आणि तीन फोटो जोडा: अडॅप्टरचं लेबल, जाहिरातीतला नेटिव्ह १०८० पी चा दावा, आणि २ मीटर रुंद चित्राच्या पिक्सेलवर टेकवलेली मोजपट्टी, जिच्यावर दहावा पिक्सेल १५.६ मिलिमीटरच्या खुणेवर संपताना स्पष्ट दिसतो.