नांदूर मध्यमेश्वर: गावचाच गाइड घ्या

जानेवारीत आईला घेऊन नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेले होते. नाशिकहून पहाटे साडेपाचला निघालो आणि उजाडता उजाडता चापडगावच्या बाजूला पोचलो. गाइड घेतला तो शेजारच्या गावचा शेतकरी. पैसे सत्कारणी लागले!

गोदावरी-कादवेच्या संगमावरच्या बंधाऱ्यात गाळ साठत गेला, त्यातून ही बेटं आणि दलदल तयार झाली, हे त्यानं हातानं दाखवत सांगितलं. 2020 साली हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं, हे सांगताना त्याचा आवाजच बदलला. मग स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी बघायची दुर्बीण) लावून दिला: जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्याचा कोंब एका पायाच्या मुठीत धरून सोलून खात होती. आई दहा मिनिटं तिथून हलेना.

पट्टकदंब, म्हणजे हिवाळ्यात येणारे रानहंस, त्याच्या हरभऱ्यात उतरतात. "खातात थोडं, पण हिमालय ओलांडून येतात हो, मावशी," म्हणाला. मला तर भरून आलं.

एक गट मोबाइलवर गाणी लावून आला, तेव्हा त्यानंच जाऊन नम्रपणे बंद करायला लावली. सुट्टीचा दिवस टाळा, पाणी घरून न्या.