टॉर रिलेवर लक्ष ठेवण्यासाठी काय निवडावे: पॅकेजमधले निक्स, चाचणीचे निक्स की मेट्रिक्सपोर्ट?

इंटरनेटवर ओळख लपवून वावरता यावे म्हणून उभारलेल्या टॉर जाळ्यासाठी रिले, म्हणजे इतरांची वाहतूक पुढे पोहोचवणारा सर्व्हर, चालवायला घेतला की पहिल्या आठवड्यातच प्रश्न पडतो: तो नीट चालला आहे हे कळणार कशावरून? रिले बहुधा भाड्याने घेतलेल्या, दूरच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर असतो. आपला त्याच्याशी संबंध एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या यंत्राला मजकुरातून आज्ञा देण्याच्या, काळ्या चौकटीपुरता. त्या चौकटीत चालणारे सर्वांत परिचित साधन म्हणजे निक्स. ते डेबियन किंवा उबुंटूच्या पॅकेजमधून घेता येते, किंवा सोर्स कोडमधून थेट चालवून विकासकांसाठी चाचणी करता येते. तिसरा मार्ग टॉरमध्येच असलेल्या मेट्रिक्सपोर्टचा आहे, ज्यातले आकडे प्रोमिथियस गोळा करते आणि ग्राफाना आलेखांत मांडते. हे तिन्ही मार्ग समोर असताना नेमका कोणता धरावा, हा प्रश्न ज्यांना सोडवायचा आहे त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

निक्सचे आधीचे नाव आर्म. डेमियन जॉन्सन यांनी ते लिहिले. पुढे त्याचा बराचसा भाग नव्याने लिहून नोव्हेंबर २०१७मध्ये निक्स २.० या नावाने ते बाहेर आले आणि जानेवारी २०१९मध्ये २.१ आवृत्ती आली. ते पायथनमध्ये लिहिलेले असून टॉरशी बोलण्याचे सगळे काम स्टेम या लायब्ररीकडे सोपवलेले आहे. ही रचना लक्षात ठेवलेली बरी, कारण चाचणी करताना चूक नेमकी कोणत्या थरात आहे हे ओळखण्याचा प्रश्न पुढे येतोच.

अधिकाराचा प्रश्न आधी

बहुतेक तुलना ‘कशात जास्त दिसते’ येथून सुरू होतात. माझ्या मते आधी विचारायला हवे ते हे, की लक्ष ठेवणाऱ्या साधनाच्या हाती आपण काय काय देत आहोत. निक्स टॉरच्या कंट्रोलपोर्टला, म्हणजे टॉरला आज्ञा देण्याच्या दाराला, जोडले जाते. तो प्रथेने ९०५१ क्रमांकाचा असतो, किंवा त्याच्या जागी फाइलच्या रूपातला सॉकेट वापरला जातो. या दाराला ‘फक्त वाचा’ अशी पायरीच नाही. कुकी (सर्व्हरवरच्या फाइलमधली गुप्त खूण) दाखवून किंवा पासवर्ड देऊन जो आत आला, तो रिलेची गती विचारू शकतो, तसाच टॉरआरसी या टॉरच्या फाइलमधली कोणतीही मांडणी बदलू शकतो, ती कायमची साठवू शकतो आणि टॉर बंद करण्याचा संदेशही देऊ शकतो. निक्समध्ये मांडणी बदलण्यासाठी एक स्वतंत्र पान आहे आणि थेट आज्ञा देण्यासाठी दुसरे, ही त्याची सोयच आहे. पण त्यामुळेच निक्सची चाचणी आवृत्ती चालवणे म्हणजे अर्धवट तपासलेल्या कोडच्या हाती रिलेचे सुकाणू देणे होय.

मेट्रिक्सपोर्टचे तसे नाही. तिथून आकडे बाहेर येतात, आत कोणतीही आज्ञा जात नाही. प्रोमिथियसमध्ये किंवा ग्राफानामध्ये एखादा दोष निघाला तरी त्यातून रिलेची मांडणी बदलण्याची शक्यता नसते. या एका मुद्द्यावर मेट्रिक्सपोर्ट निःसंशय पुढे आहे, आणि ज्या रिलेवर अनेकांचा भार आहे त्याच्या बाबतीत मी हा मुद्दा सर्वांत जड मानतो.

निक्सला मिळणारा अधिकार थोडा कमी करता येतो आणि तो करावाच. डेबियनवर टॉर ‘डेबियन-टॉर’ या वापरकर्त्याच्या नावाने चालते. अनेक मार्गदर्शिका निक्सही त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवायला सांगतात, कारण तसे केल्याने जोडण्यांची माहिती विनासायास मिळते. पण त्या वापरकर्त्याला टॉरच्या डेटा डिरेक्टरीतल्या ओळखीच्या किल्ल्याही वाचता येतात, आणि या किल्ल्यांवरच रिलेची जाळ्यातली ओळख व महिन्यांमागून महिने कमावलेली पत उभी असते. त्यापेक्षा आपल्या साध्या खात्याला ‘डेबियन-टॉर’ गटात घालावे. गटाच्या सदस्याला कंट्रोल सॉकेट उघडता येतो, पण डेटा डिरेक्टरी त्याला बंदच राहते. असे केल्यास जोडण्यांचे पान रिकामे दिसण्याची शक्यता असते, कारण डिबगर (चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावणारे साधन) जोडण्यास मनाई करणारी टॉरची मूळ मांडणी इतर वापरकर्त्यांना ती माहिती मिळू देत नाही. पॅकेजमधल्या निक्ससाठी ही मनाई काढायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. चाचणी आवृत्तीसाठी ती काढू नये असेच मी सांगेन. रूट या सर्वाधिकारी खात्यातून निक्स चालवणे तर दोन्ही बाबतींत टाळावे.

पडद्यावर काय दिसते

निक्स उघडले की वरच्या पट्टीत रिलेचे नाव, ठसा (किल्लीवरून बनलेला ओळख क्रमांक), मिळालेले ध्वज (जाळ्याने रिलेला दिलेल्या भूमिकेच्या खुणा), टॉरची आवृत्ती व ती शिफारस केलेली आहे की जुनी झाली आहे, प्रोसेसर व मेमरीचा वापर इतके सगळे एकत्र येते. खाली येणाऱ्या आणि जाणाऱ्या बँडविड्थचे दोन आलेख सेकंदासेकंदाला सरकतात आणि त्यांच्याखाली लॉग वाहतो. बाणाच्या कळांनी पाने बदलतात, ‘पी’ दाबला की पडदा थांबतो, ‘एच’ दाबला की मदत येते. टॉरआरसीत एखादा बदल करून रिले पुन्हा सुरू केला आणि त्याचा परिणाम लगेच पाहायचा आहे, अशा वेळी याला तोड नाही. पुण्यात बसून जर्मनीतल्या सर्व्हरवर काम करणाऱ्याला आणखी एक लाभ होतो: सगळी देवाणघेवाण मजकुराची असल्याने मंद जोडणीवरही ते चालते, आणि सर्व्हरवर ना वेब सर्व्हर लागतो ना नवे पोर्ट उघडावे लागते.

नव्या रिलेवर हा आलेख पहिले काही दिवस जवळजवळ सपाट दिसतो. साधारण पहिले तीन दिवस रिलेचे मोजमापच झालेले नसते. त्यानंतर बँडविड्थ मोजणारे सर्व्हर त्याची क्षमता हळूहळू ठरवतात, आठव्या दिवसाच्या आसपास त्याला गार्ड ध्वज, म्हणजे वापरकर्त्यांना जाळ्यात प्रवेश देणारा रिले ही खूण, मिळू शकतो, आणि गार्ड म्हणून पूर्ण वापर व्हायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो. सपाट आलेख पाहून मांडणीत सतत ढवळाढवळ करणे हा निक्सच्या सेकंदासेकंदाच्या दृश्याचा तोटा म्हणावा लागेल. त्याने घाई वाढते.

निक्सची एक गोष्ट मला मनापासून महत्त्वाची वाटते. गार्ड ध्वज असलेल्या रिलेवर किंवा ब्रिजवर (जाहीर यादीत नसलेल्या प्रवेशाच्या रिलेवर) आत येणाऱ्या वापरकर्त्यांचे पत्ते ते पडद्यावर दाखवत नाही, त्यांच्या जागी ‘गाळलेले’ अशा अर्थाचा शब्द दाखवते. एक्झिट रिलेवरून बाहेर जाणाऱ्या जोडण्यांचेही तसेच. सर्व्हरवरची साधी जोडण्या दाखवणारी आज्ञा हेच पत्ते उघडे मांडते, आणि घरी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये हा विवेक क्वचितच असतो. ज्यांनी आपली ओळख लपवण्यासाठी या जाळ्याचा आश्रय घेतला, त्यांची यादी रिले चालवणाऱ्याने पाहू नये, हे साधनातच बसवलेले असणे फार मोलाचे आहे.

मात्र रिलेवरचा ताण समजून घ्यायचा असेल तर निक्स तोकडे पडते. २०२२च्या मध्यापासून कित्येक महिने टॉर जाळ्यावर सेवा ठप्प करणारे हल्ले होत होते. अशा वेळी सर्किट, म्हणजे रिलेंमधून जाणारा मार्ग, उभारण्याच्या विनंत्यांचा इतका मारा होतो की प्रोसेसर पुरा पडत नाही आणि रिले त्यातल्या काही टाकून देतो. निक्सच्या लॉगमध्ये तुमचा संगणक इतक्या विनंत्यांना पुरा पडत नाही अशी टॉरची सूचना दिसेल, प्रोसेसरचा आकडाही चढलेला दिसेल; पण किती विनंत्या हाताळल्या आणि किती टाकल्या याचे प्रमाण दिसणार नाही. मेट्रिक्सपोर्ट हे दोन्ही आकडे वेगवेगळे देतो, आणि मेमरी संपत आल्यामुळे काय काय सोडून द्यावे लागले तेही सांगतो. रिलेसाठीचे हे आकडे टॉर ०.४.७ मालिकेपासून मिळतात, म्हणजे त्याहून जुनी टॉर असेल तर आधी ती बदलावी लागेल.

मागचे किती आठवते

निक्स बंद केले की त्याचा आलेखही गेला. टीमक्समध्ये, म्हणजे एसएसएच तुटली तरी चालू राहणाऱ्या सत्रात, ठेवून दिले तरी ते वर्तमान दाखवण्यासाठीच आहे. काल रात्री तीन वाजता काय झाले हे त्याला नीट सांगता येत नाही. प्रोमिथियस मूळ मांडणीत १५ दिवसांचे आकडे ठेवते, हवे तर अधिक.

पण ही आठवण धोक्याचीही आहे. एखाद्या रिलेतून कोणत्या क्षणी किती माहिती गेली याची बारीक नोंद ज्याच्या हाती पडेल, त्याला ती दुसरीकडच्या नोंदींशी जुळवून वापरकर्त्याचा माग काढण्यास मदत होऊ शकते. टॉर स्वतः बँडविड्थचा इतिहास सार्वजनिक करताना २४ तासांची एकत्रित बेरीज देते, ते याच काळजीपोटी. म्हणून मेट्रिक्सपोर्ट फक्त १२७.०.०.१ या, म्हणजे त्याच यंत्रापुरत्या, पत्त्यावर उघडावा, प्रवेशाचे धोरण कडक लिहावे, ग्राफानाचा फलक सर्वांसाठी खुला ठेवू नये आणि आकडे गोळा करण्याचे अंतर विनाकारण लहान करू नये. हे सगळे सांभाळण्याची तयारी नसेल, तर निक्सचे विस्मरण हाच गुण ठरतो.

वरील दोन्हींना पूरक असे दोन फुकटचे स्रोत आहेत. टॉर प्रकल्पाचे रिले सर्च हे पान रिलेचे ध्वज, त्याला दिलेले वजन आणि ताणाची खूण दाखवते. ही खूण ताण ओसरल्यानंतरही ७२ तास राहते. टॉरच्या लॉगमध्ये दर सहा तासांनी येणारी ‘हार्टबीट’ची ओळ, किती वेळ चालू, किती सर्किट उघडी, किती गीगाबाइट पाठवले व घेतले, एवढे सांगते. एकच छोटा रिले असेल तर अनेकांना इतके पुरते.

पॅकेज की चाचणी

पॅकेजमधल्या निक्सचा फायदा केवळ स्थैर्याचा नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये पायथन ३.११ आले तेव्हा निक्स २.१ वापरत असलेले एक जुने फंक्शन पायथनमधून काढून टाकले गेले, आणि पायथनच्या पिप या साधनाने बसवलेले निक्स कोलमडू लागले. वितरणाचे पॅकेज घेणाऱ्यांसाठी अशी दुरुस्ती वितरणाचे लोक करतात. स्वतः बसवणाऱ्याला ती स्वतःच शोधावी लागते. त्यातच स्टेमच्या विकासकांनीच ती लायब्ररी बहुतांशी देखभालीविना असल्याचे लिहून ठेवले आहे. त्यामुळे आज सोर्समधून निक्स चालवून दोष कळवणाऱ्याने झटपट उत्तराची अपेक्षा ठेवू नये. मात्र नेमका, पुन्हा घडवून दाखवता येणारा दोष आणि शक्य असल्यास सोबत दुरुस्ती, याची गरज या घडीला जितकी आहे तितकी भरपूर विकासक असतानाही नव्हती.

चाचणी करायची असेल तर ती लोक वापरत असलेल्या रिलेवर सुरू करू नये. टॉर प्रकल्पाचे ‘चटणी’ नावाचे साधन एकाच संगणकावर संपूर्ण खाजगी टॉर जाळे उभे करते. तिथल्या रिलेला निक्स जोडून मांडणी बदलावी, टॉर मध्येच बंद करून पाहावे, चुकीचा पासवर्ड द्यावा, टर्मिनलची चौकट अगदी अरुंद करावी. कोणाचेही नुकसान होत नाही. खऱ्या वाहतुकीखालीच दिसणारे दोष, म्हणजे हजारो जोडण्या असताना पडदा अडखळणे वगैरे, त्यानंतर मधल्या फळीतल्या रिलेवर तपासावेत. एक्झिट आणि ब्रिज यांना चाचणीपासून दूरच ठेवावे.

दोष दिसला की तो कोणाचा हे आधी पाहावे. स्टेमसोबत टॉर-प्रॉम्प्ट नावाची छोटी आज्ञा येते. निक्समध्ये चुकीची वाटणारी माहिती तिथे विचारून पाहावी. तिथेही ती चुकीचीच आली तर दोष टॉरचा वा स्टेमचा आहे, तिथे बरोबर आली तर निक्सचा. कळवताना टॉर, पायथन आणि स्टेम यांच्या आवृत्त्या, टर्मिनलचे नाव व आकार आणि नेमक्या कोणत्या कळा दाबल्या ते लिहावे. निक्सला डिबग लॉग लिहायला सांगता येते. पण ती फाइल पाठवण्याआधी ओळ न ओळ वाचावी, कारण पडद्यावर गाळलेली माहिती लॉगमध्येही गाळलेली असेल असे गृहीत धरणे योग्य नाही.

ज्यांचा पहिलाच रिले आहे आणि ज्यांना टॉर आतून कसे चालते ते पाहायचे आहे, त्यांनी पॅकेजमधले निक्स घ्यावे आणि गटाच्या मार्गाने जोडावे. ज्यांना पायथन येते आणि ज्यांच्याकडे चाचणीसाठी वेगळे यंत्र आहे, त्यांनी सोर्सची आवृत्ती जरूर चालवावी. चार-पाच रिले सांभाळणाऱ्यांनी किंवा एक्झिट चालवणाऱ्यांनी मेट्रिक्सपोर्टच उभारावा आणि निक्स अडीअडचणीच्या वेळी उघडण्यापुरते ठेवावे. निक्सभोवती स्वतःच्या स्क्रिप्टचा मोठा पसारा उभारण्याचा विचार असेल, तर रस्ट भाषेतल्या आर्टीकडेही पाहावे: टॉर प्रकल्प याच नव्या कोडकडे वळतो आहे, त्यात रिलेची बाजू अजून घडते आहे, आणि तिथे जुन्या कंट्रोलपोर्टऐवजी वेगळी आरपीसी (दुसऱ्या प्रोग्रॅमला काम सांगण्याची) पद्धत असल्याने निक्स आणि स्टेमवर लिहिलेले काम तिथे जसेच्या तसे चालणार नाही.