बंद डिझेल टाकी पुन्हा सुरू करण्याची परवानगी: झोन दाखला, स्थळपाहणी आणि सल्लागार सेवेचा अनुभव

आमची मालवाहतूकदारांची सहकारी संस्था पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी आहे. संस्थेच्या आवारात जमिनीखाली २० हजार लिटरची डिझेल टाकी आहे आणि तिच्यावर पूर्वी फक्त सभासदांच्या गाड्यांसाठी पंप चालत असे. बाहेर विक्री न करणाऱ्या अशा पंपाला तेल कंपन्यांची माणसे कंझ्युमर पंप म्हणतात. जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेलचा दर वेगळा झाला, टाकीत मागवलेले डिझेल रस्त्यावरच्या पंपापेक्षा महाग पडू लागले, एसटीनेही त्या काळात आगारातला पंप बाजूला ठेवून बाहेर डिझेल भरायला सुरुवात केली आणि आमची टाकी रिकामी राहिली. ऑक्टोबर २०१४ मध्ये किरकोळ डिझेलही नियंत्रणमुक्त झाले, तेव्हा दरातला तो मोठा फरक निघून गेला. पण तोवर पंप चालवणारा माणूस दुसरीकडे कामाला लागला होता आणि परवान्याचे नूतनीकरण कोणीच केले नव्हते. हा परवाना ३१ डिसेंबरला संपतो, एवढी साधी गोष्ट आमच्या एकाही संचालकाच्या ध्यानात राहिली नाही. ती टाकी पुन्हा सुरू करण्यासाठी आम्ही ज्या सेवा घेतल्या, त्यातल्या काही पैसे मोजून आणि काही शासनाकडे रीतसर अर्ज करून, त्यांच्याविषयी हे लिहीत आहे. सचिव म्हणून सगळी कागदपत्रे माझ्याच हातून गेली आहेत.

प्रथम सल्लागार संस्थेविषयी. तिचे नाव देत नाही, कारण ज्या कामात तिचा हातखंडा आहे ते काम तिने उत्तम केले आणि जिथे ती चुकली तिथे आम्हीही डोळे झाकून विश्वास ठेवला होता. इंधनसाठ्याचा परवाना देणारी केंद्रीय यंत्रणा म्हणजे पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, जिला सगळे पेसो म्हणतात आणि जिचे मुख्यालय नागपूरला आहे. तिच्याकडे द्यायचे नकाशे, टाकीची दाबचाचणी, अर्थिंगची मोजणी, टाकीतली वाफ बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपची उंची या बाबतीत सल्लागाराच्या माणसांना तोड नव्हती. टाकीच्या चेंबरचे झाकण उघडले तेव्हा आत पावसाचे पाणी गुडघाभर साचले होते, तेलाची पातळी मोजायची डिपची पितळी पट्टी हिरवी पडली होती आणि व्हेंट पाइपच्या तोंडाची जाळी गंजून गळून पडली होती. त्यांनी पाणी उपसले, टाकी धुऊन वायुमुक्त केली आणि तसे प्रमाणपत्र हातात येईपर्यंत वेल्डरला आवारात पाऊल ठेवू दिले नाही. रिकाम्या टाकीत बाष्प राहते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच अधिक दगा देते, हे त्यांनी आमच्या चौकीदारालाही नीट समजावून सांगितले. या भागाला मी पूर्ण गुण देईन.

चूक झाली ती कामाच्या क्रमात. झोन म्हणजे विकास योजनेत ती जागा कोणत्या वापरासाठी दाखवली आहे तो विभाग. पहिल्याच बैठकीत मी विचारले होते, "जागेचा झोन बघायला नको का?" त्यावर उत्तर आले, "साहेब, तुमचा पंप जुना आहे, ना हरकत पूर्वीच झालेली आहे, आपल्याला फक्त परवाना जिवंत करायचा आहे." हे उत्तर अपुरे होते. पेट्रोलियम नियम २००२ मधील नियम १४४ नुसार जिल्हा प्राधिकाऱ्याची ना हरकत लागते; पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात ती पोलीस आयुक्तांकडून मिळते आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून. जुना परवाना मुदत संपून इतकी वर्षे पडून राहिला असेल, तर अर्ज नव्याने तपासला जातो आणि तपासणारा माणूस आजचा गाव बघतो, परवाना दिला त्या वर्षीचा नव्हे. आमची टाकी पुरली तेव्हा आवाराच्या तिन्ही बाजूंना ज्वारी उभी असे. आज पूर्वेला घरे आहेत, एक बालवाडी आहे, आणि गाव तालुक्याचे ठिकाण असल्यामुळे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झालेली आहे. टाकीच्या चाचण्यांवर आणि दुरुस्तीवर आम्ही आधी पैसे खर्च केले आणि मग झोन दाखल्यासाठी अर्ज दिला. दाखला हातात आला त्या दिवशी संचालक मंडळात बराच वेळ कोणी बोलले नाही.

झोन दाखला आणि त्यासोबतचा भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशातला आपल्या जागेपुरता भाग, या दोन कागदांची सेवा मात्र मनापासून वाखाणण्यासारखी निघाली. सातबारा, मोजणीचा नकाशा आणि अर्ज एवढ्यावर काम झाले, शुल्क मामुली होते आणि दाखल्यासाठी कोणाला भेटावे लागले नाही. भाग नकाशावर रहिवासी विभाग पिवळा आणि शेती विभाग हिरवा दाखवतात. आमचा गट एकच, पण पिवळ्या-हिरव्याची सीमारेषा बरोबर आवाराच्या मधून गेली होती. टाकी हिरव्यात होती. पंपाचे यंत्र, गाड्या उभ्या करण्याची जागा आणि फाटक पिवळ्यात. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे, शेती विभागात इंधन पंपाला वाव आहे. रहिवासी विभागात अटी वेगळ्या आणि कडक आहेत. म्हणजे तीच टाकी, तोच पंप, पण रेषेच्या एका बाजूला अर्ज सरळ आणि दुसऱ्या बाजूला अडचणीचा. आधी टाकी साफ करायची की आधी नकाशा बघायचा, या प्रश्नाचे उत्तर आम्हाला त्या रेषेने दिले.

या टप्प्यावर आम्हाला तीन सल्ले मिळाले. एका सभासदाने सुचवले की पंपाचा नाद सोडून पिंपांत डिझेल ठेवावे, कारण पेट्रोलियम अधिनियम १९३४ च्या कलम ७ प्रमाणे 'ब' वर्गाचे इंधन, ज्यात डिझेल येते, एकूण २,५०० लिटरपर्यंत, आणि एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नाही अशा रीतीने, परवान्याशिवाय ठेवता येते. कायद्याचे वाचन बरोबर होते, पण आमच्या गाड्यांना एवढा साठा दोन दिवसही पुरला नसता. दुसरा सल्ला होता महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल मागून झोनच बदलून घेण्याचा. तो मार्ग आमच्यासारख्या लहान संस्थेचा नाही. सूचना, हरकती, सुनावणी आणि शासनाची मंजुरी यात हंगामामागून हंगाम जातात. तिसरा सल्ला नगर रचना कार्यालयाकडून स्थळपाहणीला आलेल्या रचना सहायक बाईंचा, आणि तोच खरा कामाचा ठरला.

त्या सकाळी साडेदहाला आल्या. सोबत एक शिपाई, हातात टेप आणि भाग नकाशाची प्रत. कार्यालयातून फोनवर बोलताना वाटली होती त्यापेक्षा ही पाहणी कितीतरी बारीक झाली. फाटकापासून टाकीच्या मॅनहोलपर्यंत, मॅनहोलपासून पूर्वेच्या कुंपणापर्यंत आणि कुंपणापासून पहिल्या घराच्या भिंतीपर्यंत त्यांनी प्रत्येक अंतर दोनदा मोजून घेतले. शेजारच्या घरातल्या काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बाई, इथं पुन्हा तेल भरणार का? आमची नातवंडं दिवसभर इथंच खेळतात." बाईंनी टेप खाली ठेवला, त्यांना नकाशा दाखवला, डिझेल कुठे असेल आणि गाडी कुठून आत येईल ते समजावले आणि हरकत असेल तर ती लेखी द्या, मी अहवालाला जोडते, असेही सांगितले. काकूंनी हरकत दिली आणि ती अहवालाला जोडली गेली. अर्जदार म्हणून मला त्या दिवशी धाकधूक झाली, पण पंप चालू झाल्यावर वाद उपटण्यापेक्षा तो आधी कागदावर येणे दोन्ही बाजूंच्या हिताचे होते.

शेजाऱ्यांची भीती पोकळ नव्हती. ऑक्टोबर २००९ मध्ये जयपूरजवळ सीतापुऱ्याच्या तेल आगारात लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली होती आणि ती टीव्हीवर पाहिलेली माणसे आमच्या गावातही आहेत. तिथे साठा प्रचंड होता आणि गळती पेट्रोलची झाली होती. डिझेल 'ब' वर्गात मोडते, म्हणजे त्याचा फ्लॅश पॉइंट, ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो, २३ अंशांच्या वर असतो, आणि साध्या हवामानात ते पेट्रोलसारखे पटकन पेट घेत नाही. हा फरक आम्ही बैठकीत सांगितला, पण त्याचा आधार घेऊन कोणाला गप्प केले नाही. काहींनी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची जानेवारी २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे दाखवली. त्यांत शाळा, दहा किंवा अधिक खाटांची रुग्णालये आणि रहिवासी भाग यांपासून नवा किरकोळ पंप ५० मीटर दूर असावा आणि जागेची अडचण असली तरी ३० मीटरच्या आत येऊ नये, असे म्हटले आहे. ती तत्त्वे किरकोळ विक्रीच्या नव्या पंपांसाठी आहेत आणि आमच्या पंपाला ती शब्दशः लागू नव्हती. तरीही संचालक मंडळाने ठरवले की हेच अंतर आपणही पाळायचे, कारण बालवाडीतल्या मुलाला आपला पंप किरकोळ आहे की घाऊक याने काही फरक पडत नाही.

रचना सहायक बाईंचा सल्ला साधा होता. टाकी हिरव्यात आहेच, यंत्रही हिरव्यात न्या, नळी लांबवा, पिवळ्यात फक्त येण्याजाण्याचा रस्ता ठेवा आणि नकाशा तसा सुधारून द्या. या बदलाने पंप बालवाडीपासून दूर गेला आणि घरांपासूनचे अंतरही ५० मीटरच्या पुढे गेले. सल्लागार संस्थेने सुधारित नकाशा आठवड्यात काढून दिला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत, हे नोंदवले पाहिजे.

एक जुना कागदही इथे कामी आला. बिनशेती आदेशाची मूळ प्रत संस्थेच्या लोखंडी पेटीत, जुन्या हजेरीपुस्तकांच्या खाली सापडली. त्या आदेशात जागेचा वापर "वाहनतळ व इंधन साठवण" असा लिहिलेला होता. तिथे नुसते "गोदाम" लिहिलेले असते तर एका अकृषिक वापरातून दुसऱ्या वापरात जाण्याचा प्रश्न उभा राहिला असता आणि महसूल खात्याकडे आणखी एक प्रकरण सुरू झाले असते. ज्यांच्याकडे अशी बंद टाकी आहे त्यांनी आज संध्याकाळीच आपला बिनशेती आदेश काढून त्यातला वापराचा शब्द वाचावा.

ना हरकतीच्या चौकशीला मात्र मी मध्यम गुण देईन. जिल्हा कार्यालयाकडून पोलीस, तहसील, बांधकाम विभाग, नगर रचना, नगरपंचायत, अग्निशमन आणि वीज कंपनी अशा सगळ्यांचे अभिप्राय मागवले जातात. प्रत्येक अभिप्रायाला स्वतंत्र जावक क्रमांक, स्वतंत्र टपाल आणि स्वतंत्र वाट. नियमात या चौकशीला तीन महिन्यांची मर्यादा घातलेली आहे; आम्हाला ना हरकत मिळायला त्याच्या दुपटीहून अधिक वेळ लागला. उशीर निर्णयाला झाला नाही, कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पोचण्याला झाला. बांधकाम विभागाचा अभिप्राय एका कार्यालयातून निघाल्याची नोंद होती आणि दुसऱ्या कार्यालयात पोचल्याची नव्हती. शेवटी त्याची दुसरी प्रत मी स्वतः नेऊन दिली. बांधकाम परवानगीसाठी नगर रचना कायद्याच्या कलम ४५ मध्ये ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजण्याची तरतूद आहे, आणि आमच्या एका संचालकांचा आग्रह होता की आपण तीच धरून काम सुरू करावे. ते आम्ही केले नाही. ती मानीव परवानगी बांधकामापुरती आणि तेही प्रस्ताव विकास योजनेशी जुळत असेल तरच मिळते. डिझेलच्या साठ्याला ती संरक्षण देत नाही. अशा घाईत टाकी भरणाऱ्याला नंतर कोणी वाचवत नाही.

पेसोकडचा शेवटचा टप्पा ऑनलाइन अर्जाचा होता. अर्ज कुठे आहे, कोणती त्रुटी काढली आहे आणि ती कोणत्या तारखेला दूर झाली, हे घरबसल्या दिसत होते. जिल्ह्याच्या पातळीवर हीच सोय असती तर माझ्या निम्म्याहून अधिक खेपा वाचल्या असत्या.

आता टाकीत डिझेल आहे. यंत्रावर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का बसला आहे, पूर्वेच्या कुंपणाच्या जागी पक्की भिंत उभी आहे आणि टँकर बालवाडी सुटल्यानंतरच आत घ्यायचा, असा ठराव संस्थेच्या इतिवृत्तात लिहिलेला आहे. त्या ठरावाची एक प्रत शेजारच्या काकूंना नेऊन दिली आहे. सल्लागार संस्थेची शिफारस मी करेन, पण एका अटीवर: त्यांच्याशी करार करण्याच्या आधी झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढून आणा आणि तो कागद टेबलावर ठेवूनच बोलणी सुरू करा.